सुकडी की सुकट

शाकाहारी हा शब्द सडेकोंडात पहिल्यांदा ऐकू आला तो एकोणऐंशी सालच्या शिमग्यानंतर पंधरा दिवसांनी, शाळेच्या पडवीत, मालोजी पाटलाच्या तोंडून. तोवर पोलादपूरच्या डोंगरातल्या या गावात सोमवार पाळणारे होते, श्रावण पाळणारे होते, माळ घातलेले दोन म्हातारे होते. शाकाहारी कुणी नव्हतं. धुळवडीला कापलेल्या बोकडाची शिंगं अजून मालोजीच्याच परड्यात पडलेली होती आणि कुत्री ती इकडून तिकडं ओढत होती.

"आमची पोरं शाकाहारी हायत," मालोजी म्हणाला. शब्द नवा, जीभ जुनी. 'शाका' म्हणून तो जरा थांबला आणि मग 'हारी' म्हणाला.

पडवीच्या पायरीखाली काशीबाई उभी होती. बौद्धवाडीची, भिकाजीची बायको, वय पन्नाशीला टेकलेलं. हातात बालवाडीचं उलथणं. तिला पायरी चढायला कुणी मनाई केली नव्हती, आणि वर ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"कधीपासनं?" तिनं विचारलं.

"काय कधीपासनं?"

"शाकाहारी कधीपासनं झालात? काल की परवा?"

मागं बसलेल्या बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. मालोजीनं मान वळवली तसं हसू गिळलं गेलं.

झालं होतं ते असं. महाडच्या एका महिला मंडळानं गावात बालवाडी काढली होती. पोरांना रोज एकदा पोटभर, सकस खायला मिळावं म्हणून रांधायला एक बाई हवी होती. जागेसाठी सहाजणी महाडला गेल्या. मंडळाच्या गोरेगावकरबाईंनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: पोर खुरटलंय, मटण-अंडी परवडत नाहीत, तर काय द्याल? कुणी म्हणाली दूध, कुणी म्हणाली सफरचंद. सडेकोंडात सफरचंद! काशीबाई म्हणाली, "कुळथाला मोड आणीन. शेवग्याचा पाला घालीन. वरून तिळाची पूड आनि कैरीचा कीस."

"कैरी कशाला?"

"आंबट असलं की पाल्यातलं अंगी लागतं. नायतर नुसता चोथा खाली जातो. आनि भाकरी संगती पायजे. नुसतं कडधान्य नाय, नुसता भात नाय. जोडी लागते."

गोरेगावकरबाई पुस्तकातून शिकलेल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आईनं. तिला गावानं शिकवलं," काशीबाई म्हणाली.

जागा तिला मिळाली. मग महाडहून टेम्पोनं पहिलं पोतं आलं. गूळ आणि भाजलेलं पीठ एकत्र केलेला सरकारी खाऊ. पोत्यावर निळ्या अक्षरांत नाव छापलेलं. काशीबाईला धम्मवर्गात अक्षरं कळली होती, पण सावकाश. तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "सु… क… डी." रस्त्यावरून मालोजीचा भाऊ भागोजी बैल घेऊन चालला होता. त्यानं ऐकलं. संध्याकाळपर्यंत वरच्या वाडीत चुलीचुलीपाशी एकच बातमी: खालच्या वाडीची काशी पोरांना सुकट चारणार. पोतंभर सुकट आलीय. सरकारी.

आता सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. ती वरच्या वाडीत कुठल्या घरात नव्हती? ती नसेल तर पावसाळ्यात भाकरीला लावतील काय? पण ती आपल्या चुलीवर भाजली तर जेवण, आणि काशीबाईच्या हातून आली तर बाट. आणि बाट हा शब्द आता उघड बोलायची सोय राहिली नव्हती. कायदा होता, ठाणं होतं. म्हणून जातीचं नाव घ्यायचं सोडून गाव ताटाचं नाव घ्यायला शिकलं होतं. मालोजीनं तसा अर्जच लिहून आणला होता, खाली तेवीस अंगठे आणि चार सह्या: 'गावातील मुले शाकाहारी असून सदर बाई मांसाहारी असल्याने…'

"पाटील," काशीबाईनं उलथणं पायरीखाली ठेवलेल्या पोत्याकडं रोखलं, "हे वाचा. सुकडी. ड. डमरूतला ड. ट आनि ड कळत नाय तर अर्ज लिवला कसा?"

"सुकडी असू दे नायतर सुकट. परश्न हाताचा हाय."

"आत्ता कसं बोललात! मघाधरनं तेच ऐकायला उभी हाय मी. हाताचा."

मालोजी गडबडला. "म्हंजे… खाण्याचा. तुझ्या खाण्याचा. काय खातेस, काय नाय, आमाला काय ठावं?"

सगळी पडवी तिच्याकडं बघू लागली. एक वाक्य पुरलं असतं. खरं वाक्य. काशीबाईनं चाळीस वर्षं मास-मच्छी तोंडात घातली नव्हती.

ती ते बोलली नाही. पदर खोचून ती पोत्यापाशी गेली, ते एकटीनं उचललं आणि बालवाडीच्या खोलीत नेऊन आपटलं.

अर्जासाठी महाडहून आलेल्या गोरेगावकरबाई तिच्यामागून आत आल्या. बाई चांगल्या होत्या. घाम पुसत त्या पिंपावर टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काशीबाई, तुम्ही स्वतः तर खात नाही. मला भिकाजीरावांनी सांगितलं. मग एवढंच सांगून टाका ना त्यांना! शाकाहारी आहे म्हणा. अर्जातली हवाच निघून जाईल."

"आनि मी खात असते तर?"

"तर… तर गोष्ट वेगळी झाली असती."

"बघा. वेगळी झाली असती."

"तुम्ही शब्दात पकडू नका मला."

"नाय पकडत. पण ऐका. शेजारची कमळाबाई सुकट खाते. माझा नवरा खातो, मीच भाजून देते. मी 'खात नाय' म्हणून आत शिरले, तर कमळीचा हात बाटका ठरला. तो कोणी ठरवला? मी. माझ्या तोंडानं." तिचा आवाज चढला. "मी माझं ताट दाखवून नोकरी घेणार नाय, बाई. ताट माझं हाय. मी त्यात काय वाढते ते माझी मर्जी, त्याचा दाखला करून यांच्या पायरीवर नाय ठेवणार."

"अहो, पण मुलांचं काय? वरच्या वाडीची वीस मुलं घरी बसलीत!"

"मी बसवली?"

गोरेगावकरबाई उठल्या. त्यांचाही पारा चढला होता. "मंडळाला अर्जाला उत्तर द्यावं लागतं. एप्रिलअखेरीला नर्सबाई वजनं घ्यायला येतील. तोवर वरच्या वाडीची मुलं आली नाहीत, तर चूल देवळात जाईल आणि वरच्या वाडीच्या ठमाबाईकडे दिली जाईल. मला दुसरा मार्ग नाही."

"ठमाबाईला मोड आणता येतात?"

बाई घाम पुसत बाहेर निघून गेल्या.

भिकाजी त्या रात्री जेवताना म्हणाला, "एक वाक्य बोलली असतीस तर काय जिभेला फोड आला असता?"

"तुम्ही सुकट खा," काशीबाई म्हणाली आणि तव्यावरली उरलेली सगळी त्याच्या ताटात उलटी केली.

तिनं मास सोडलं कसं, ही घरात हसायची गोष्ट होती. ती सात वर्षांची असताना माहेरच्या गावात खोताची म्हैस मेली. तिचा बाप श्रीपत. सत्तावीस साली तो महाडला जाऊन चवदार तळ्याचं पाणी पिऊन आलेला. गावकीनं निरोप धाडला, ढोर ओढायला या. श्रीपत म्हणाला, येत नाय. आणि घरी येऊन बायकापोरांना ओळीत बसवून म्हणाला, "आजपासनं या घरात मेलेलं खायाचं नाय. कोण खाईल तो माझा नाय."

दोन दिवसांनी कुणी पाहुण्यानं बोंबील आणले. आईनं भाजले. काशी ताटावरनं उठली.

"काय झालं गो?"

"बोंबील मेलेला हाय."

"मंग काय जिता खातेस?"

"आबा म्हणाले मेलेलं खायाचं नाय!"

घर हसून लोटपोट झालं. मेलेलं म्हणजे आपोआप मेलेलं, गावानं टाकून दिलेलं, असं बापानं तिला पुन्हा पुन्हा समजावलं. पण पोरीनं शब्द धरला तो धरला. कोंबडी आली, ती मेलेली. शिंपल्यातले तिसरे आले, तेही मेलेले. मोठी झाल्यावर तिला चूक कळली, तोवर जिभेवरची चव गेली होती. मग तिनं ती चूक मुद्दाम तशीच ठेवली. बापानं एवढ्या मोठ्या गावाला नाही म्हटलं. त्यातलं थोडं आपल्या ताटात असावं, एवढंच.

हसायची गोष्ट इथवर. पुढची हसायची नव्हती. ढोर ओढलं नाही म्हणून गावानं बलुतं बंद केलं. दुकानदारानं दाणे देणं बंद केलं. रानात पाय ठेवाल तर मोडू म्हणाले. आई साळूबाई पहाटे रानात शिरायची, पदराखाली पाला लपवून आणायची. टाकळा, कुर्डू, भारंगी. पाऊस सरला की शेवगा. घरात फक्त मडकंभर कुळीथ आणि थोडी नाचणी. पाच पोरं. ती कुळीथ भिजवायची, फडक्यात घट्ट बांधून चुलीमागं टांगायची. "झोपलेला दाणा पोटात जाऊन झोपतो," ती म्हणायची. "त्याला आधी जागा करायचा. मूठभराचा ओंजळभर होतो." शिळ्या नाचणीची आंबील करायची. पाल्यावर कोकमाचं पाणी शिंपायची. भाकरी नसेल तर उसळ वाढायची नाही, थांबायची. दोन्ही मिळाल्याशिवाय पोराच्या हाडाला काही लागत नाही, हे तिनं पोरांच्या नडग्यांकडं बघून शिकून घेतलं होतं. त्या वर्षी तिची पाचातली एक पोर गेली. चार जगली. त्यातली काशी एक.

म्हणून महाडच्या बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, आईला गावानं शिकवलं.

एप्रिल उजाडला. बालवाडीत बौद्धवाडीची अकरा पोरं येत होती. काशीबाई आदल्या रात्री फडकं बांधायची, सकाळी उघडायची. दाण्याला नखभर शेपूट फुटलेलं असायचं. पोरं ओरडायची, "शेपटीवाला, शेपटीवाला!" ती रागावूनच वाढायची. "खा. शेवगा बाजूला काढतोस? तुझ्या बापाचा हाय? खा म्हणते ना. कैरी पिळून घे वर." सुकडी दुपारी, मूठ मूठ. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, दळून तिची खीर. वीस पोरांच्या वाट्या रिकाम्या. त्या ती रोज घासायची आणि रोज ओळीनं मांडून ठेवायची. कमळाबाई म्हणायची, "येत नायत तर कशाला घासतेस गो?"

"दिसू देत त्यांना."

वरच्या वाडीच्या बायका पाण्याला जाताना दारावरून जायच्या. वास घ्यायच्या. एकदा मालोजीची आई ठकूबाई थांबली. सत्तरीची, कमरेत वाकलेली, कडेवर नात आवडी. चार वर्षांची पोर, पण दोनाची दिसावी. केस तांबूस, पोट पुढं, पायाच्या काड्या.

"काशे, काय शिजवलंस गो?"

"सुकट," काशीबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

लावल्यावर ती दाराला पाठ टेकून उभी राहिली. पोरीचे पाय तिनं पाहिले होते. असे पाय तिनं आधी पाहिले होते, आपल्याच घरात. राग आला तो ठकूबाईचा नाही, आपला आला, मग पुन्हा ठकूबाईचा आला, मग मालोजीचा, आणि शेवटी तिला कळेना की हा किती जणांचा राग आपण एकटीनं घेऊन बसलोय.

वजनाचा दिवस आला. नर्सबाईंनी शाळेपुढच्या आंब्याच्या फांदीला काटा टांगला, त्याला कापडाची झोळी. वजनाला वरच्या वाडीची पोरंही आली. वजनाला बाट नव्हता. गोरेगावकरबाई मागच्या वजनांची वही घेऊन बसल्या. बौद्धवाडीची पोरं झोळीत बसायची, पाय झाडायची, काटा खाली जायचा. कुणी अर्धा किलो वाढलं होतं, कुणी पाऊण.

आवडीला झोळीत घातलं. काटा हलला आणि थांबला. नर्सबाईंनी पुन्हा बघितलं.

"पावभर उतरलीय. या वयात उतरते म्हणजे काय? आजी, हिला अंडं देता का?"

ठकूबाईनं झोळीचं कापड आवडीच्या पायांवर ओढलं.

"मटणाचं पाणी? मासळी? काही पोटात गेलं पाहिजे हिच्या!"

मागं उभ्या मालोजीकडं सगळे बघू लागले. त्याचा अर्ज गोरेगावकरबाईंच्या वहीतच होता, कोपरा बाहेर डोकावत. त्यानं घसा साफ केला. "आमी… शाकाहारी हाव."

"बरं, मग डाळ? मोड? पाला?" नर्सबाई वैतागल्या. "शाकाहारी म्हणजे नुसता भात आणि मीठ नव्हे! न खाण्याला शाकाहार म्हणत नाहीत. पोरीला काय देता ते सांगा."

मालोजी डोक्यावरची टोपी सारखी करू लागला.

"या अकरा मुलांना कोण रांधतं?" नर्सबाईंनी विचारलं.

"मी," काशीबाई म्हणाली.

"मग सांगा ना यांना, काय काय करता ते."

काशीबाई झोळीकडं बघत होती. आवडी रडतही नव्हती. रडायला लागतो तेवढाही जीव तिच्यात नव्हता.

"सांगणार नाय," काशीबाई म्हणाली.

"अहो, काशीबाई!" गोरेगावकरबाई उठल्याच.

"तोंडानं सांगायची गोष्ट नाय ती. मोड किती आला की काढायचा, ते चिमटीत धरून कळतं. उसळ किती आंबट, ते जिभेवर कळतं." ती आत गेली, परत आली. हातात दोन वाट्या, त्या रोज घासून ठेवलेल्यांपैकी. उसळ वाफाळत होती. तिनं त्या पडवीच्या पायरीवर ठेवल्या, खाली नाही, वरच्या पायरीवर, आणि स्वतः पहिल्यांदा तिथं बसली. "ठकूबाय, बस. आधी तू खा. मंग पोरीला घाल. मंग शिकवते."

"आये, चल घरी," मालोजी म्हणाला.

ठकूबाई हलली नाही.

"आये! अर्ज दिलाय आपण. गावानं सही केलीय."

"मालू," म्हातारी हळू म्हणाली, "धुळवडीला बोकडाची नळी कोण फोडत होतं रे? मी का तू?"

बायका आता उघड हसल्या. मालोजीचा चेहरा काळवंडला.

"ती वायली गोष्ट—"

"गप. पोरीच्या पायाकडं बघ नि मंग बोल." ठकूबाईनं आवडीला झोळीतून उचललं, पायरी चढली, काशीबाईच्या शेजारी टेकली. हात पुढं केला, मागं घेतला. सत्तर वर्षांची सवय हातात होती. काशीबाई मदतीला गेली नाही. वाटी उचलून दिली नाही, 'खा गो' म्हणाली नाही. बघत राहिली.

मग म्हातारीनं घास घेतला. चावला. गिळला. सगळं गाव तिच्या गळ्याकडं बघत होतं.

"गोड हाय हात तुझा," ठकूबाई म्हणाली.

"हाताचं नको सांगू. कुळीथ हाय तो," काशीबाई ताडकन बोलली. "परवाच्या रातीचा भिजवलेला. घाल पोरीला. बारीक कर आधी, घशात अडकल."

आवडीनं तीन घास खाल्ले. चौथा थुंकला. पाचवा खाल्ला.

मालोजी निघून गेला. अर्ज त्यानं मागं घेतला नाही, कधीच घेतला नाही. पण दुसऱ्या दिवशी आवडी आली, तिसऱ्या दिवशी आणखी सहा. मेअखेर चौदा. सहा घरांनी शेवटपर्यंत पोरं धाडली नाहीत. काशीबाई त्यांच्या वाट्या घासायची. चूल देवळात गेली नाही.

"ठकूबाई जेवली म्हणं," भिकाजी वजनाच्या दिवशी संध्याकाळी म्हणाला होता.

"जेवली."

"मंग आता तरी शांत हो."

"नातीसाठी जेवली. माझ्यासाठी नाय," काशीबाई म्हणाली आणि कुळथाचं फडकं इतकं आवळलं की पाणी त्याच्या पायावर उडालं.

तिनं पुढं आठ वर्षं रांधलं. दोन गावांच्या बायका तिच्याकडं शिकायला येत, आणि प्रत्येकीला ती आधी जेवायला बसवी. न जेवणारीला शिकवत नसे. सत्त्याऐंशी साली मंडळानं तिच्या पाककृतींची छोटी पुस्तिका छापली आणि तिला महाडला बोलावलं. गोरेगावकरबाईंचे केस पिकले होते. त्यांनी कौतुकानं पहिली प्रत तिच्या हातात दिली. काशीबाईनं बोट ठेवून वाचलं. 'शुद्ध शाकाहारी सकस आहार. काशीबाई भिकाजी यांच्या अनुभवातून.'

"शुद्ध कोणी घातलं?"

"अहो, तशी पद्धत आहे लिहायची. हॉटेलांवर नसतं का लिहिलेलं!"

"शाकाहारी राहू दे. सकस राहू दे. ते खरं हाय. शुद्ध काढा."

"छापून झालंय, काशीबाई. दोनशे प्रती आहेत."

"मंग अशुद्ध कोण, तेपण छापा खाली. नाव घालून. कमळाबाईचं घाला, माझ्या नवऱ्याचं घाला."

गोरेगावकरबाईंनी एकदा तिच्याकडं पाहिलं. त्यांना शाळेची पडवी आठवली असावी. त्यांनी टेबलाच्या खणातून पेन काढून पुढं केलं.

काशीबाई खुर्चीवर बसली. गठ्ठा जवळ ओढला. पहिल्या प्रतीवरच्या 'शुद्ध'वर तिनं आडवी रेघ ओढली, मग तिच्यावरच कागद फाटेल इतक्या जोरानं दुसरी. तीनची पोलादपूर गाडी गेली. पाचची गेली. मधे शिपायानं चहा आणला, तो तिनं डाव्या हातानं घेतला. उजवा हात थांबला नाही.